अठ्ठावन्न अंशांचा हिवाळा

मोजा चढवताना तोल गेला म्हणून विबेकेने रेडिएटरवर हात टेकला आणि लगेच मागे घेतला. चटका बसला असं नाही. पण जितका गरम लागायला हवा होता त्याहून तो गरम होता. एक पाय मोज्यात, दुसरा उघडा, अशी ती खिडकीशी तशीच उभी राहिली. बाहेर अजून अंधारच होता. फ्योर्डवरून, गावात शिरलेल्या समुद्राच्या त्या चिंचोळ्या पट्ट्यावरून, येणारं धुकं रस्त्यावरच्या दिव्यांभोवती जमलं होतं. खाली स्वयंपाकघरात होल्गर काळा पाव कापत होता. त्याच्या सुरीचा आवाज रोजच्यासारखाच होता, करकर, मग थांबणं, मग पुन्हा करकर. तिने पुन्हा हात ठेवला, या वेळी मुद्दाम, सगळा तळवा टेकवून. पंचवीस वर्षं गरम पाण्याच्या पाइपांशी संसार केलेला हात होता तो. कपड्याचा व्यापारी चिमटीत धरून सूत ओळखतो, तसा तो अंश ओळखायचा. हे अठ्ठावन्न नाही, हात म्हणाला. आणि लगेच तिच्या मनात दुसरं कुणीतरी बोललं, हळू आवाजात, समजावल्यासारखं : झालं का पुन्हा सुरू?

अठ्ठावन्न हा आकडा तिचाच होता. शहराच्या घराघरांत जाणारं गरम पाणी एका मोठ्या बॉयलरमधून यायचं. आधी तो कोळशावर चालायचा, मग पेंढ्यावर आणि लाकडाच्या चिपांवर, आणि पाणी पंचाहत्तर अंशांवर घरोघरी जायचं. विबेकेने जो आराखडा केला होता त्यात बॉयलर नव्हताच. त्यात फ्योर्डच्या गार पाण्यातून ऊब उपसणारा अजस्र पंप होता, गावाबाहेरच्या माळावर सौरपट्ट्यांच्या रांगा होत्या, आणि उन्हाळ्यातली ऊब हिवाळ्यापर्यंत सांभाळणारं, वरून झाकलेलं, मैदानाएवढं तळं होतं. कागदावर सगळं चोख बसत होतं. अट एकच. पाणी फार गरम करायला लागलं की पंप वीज खात सुटायचा. घरं अठ्ठावन्न अंशांच्या पाण्यावर ऊबदार राहिली, तरच या साऱ्याला अर्थ होता. राहतात का, ते बघायला तिने एक वस्ती निवडली. जुनी विटांची घरं, लहान रेडिएटर, म्हातारी माणसं. आणि मुद्दाम स्वतःची वस्ती. जे लोकांच्या गळ्यात बांधायचं त्यात आधी आपण झोपून बघावं, असं ती सभेत म्हणाली होती, आणि लोक हसले होते. हिवाळाभर चाचणी चालणार होती. आता फेब्रुवारी होता, वसंतात सभासदांची वार्षिक सभा होती, आणि दर महिन्याला येणारा अहवाल सांगत होता : अठ्ठावन्न, तक्रार नाही.

तक्रार नाही. ती खाली आली तेव्हा हेच दोन शब्द तिच्या मनात घोळत होते. आपल्या लोकांची आणि तक्रार नाही?

"होल्गर, आज रेडिएटर तुला जास्त गरम वाटतोय का रे?"

"तुझे हात गार असतील," तो म्हणाला. मान वर न करता. पावावर लिव्हरची पेस्ट लावत.

उत्तर बरोबर होतं. गार हाताला कोमटही गरम लागतं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण होल्गर शाळेत सुतारकाम शिकवायचा, आणि कुठल्याही वस्तूला हात लावल्याशिवाय तिच्याबद्दल बोलायचा नाही. दुसऱ्यांच्या घरी जेवायला गेला तरी टेबलाखाली हात घालून सांधे चाचपायचा. तिचे मित्रमैत्रिणी त्यावरून त्याची टर उडवत. आणि आज रेडिएटर दोन पावलांवर असताना तो उठला नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने पाव दोन तुकडे करून तिच्याकडे सरकवला, आणि वर लोणच्याच्या काकड्या तिला आवडतात तशा, एका रेषेत मांडलेल्या होत्या. गेलं वर्षभर त्या तशाच मांडलेल्या असायच्या. त्याआधीच्या वीस वर्षांत त्याने एकदाही मांडल्या नव्हत्या.

संशय आला की त्याला नाव द्यायचं, असं त्या मानसोपचारवाल्या मुलीने शिकवलं होतं. मऊ बूट घालून यायची ती, पायाचा आवाज न करता. हा विचार आहे, वस्तुस्थिती नाही, असं मनाशी म्हणायचं आणि त्याला वाहून जाऊ द्यायचं, ढगासारखं. विबेकेला ते पटलं होतं, कारण तेव्हा तिला काहीही पटलं असतं. गेल्या वर्षी वसंतात, भर बैठकीत, पडद्यावर तिचाच नकाशा असताना, घरांकडून प्लांटकडे परत येणाऱ्या पाण्याच्या रेघेवर तिने बोट ठेवलं आणि तिला शब्दच आठवेना. परतीचं पाणी. दिवसातून दहा वेळा वापरायचा शब्द. ती म्हणाली, हे, हे जे येतं, आणि सगळे वाट बघत राहिले. मग ती जमिनीवर बसली. पडली नाही, बसली, शहाण्यासारखी, पाय पुढे पसरून. नंतर सगळा उन्हाळा ती घरात होती. पडदे ओढून. त्या दिवसांत तिला वाटायचं, ऑफिसात माझी खुर्ची कुणीतरी हलवली आहे, माझ्या आराखड्यात कुणीतरी आकडे बदलतं आहे, होल्गर बागेत जाऊन फोनवर माझ्याबद्दल बोलतो. यातलं फोनचं तेवढं खरं निघालं. पण ते डॉक्टरांशी बोलणं होतं, आणि म्हणून तेही तिच्या आजाराच्याच खात्यात जमा झालं. तेव्हापासून तिच्या संशयाला किंमत राहिली नव्हती. घरातलं म्हातारं कुत्रं रात्री भुंकायला लागलं की आपण उठून बघत नाही, नुसतं म्हणतो, काही नसेल. तसं.

हा विचार आहे, ती मनाशी म्हणाली, आणि सायकलवरून प्लांटवर गेली.

एस्किल नियंत्रणकक्षात होता. बॉयलर, पंप, रस्त्यांवरच्या झडपा सगळं त्याच्या ताब्यात. दाढी पांढरी, पोट पुढे, आणि बोलणं म्हणजे पूर्वी नुसती चिमट्यांची बरसात. ती दारात दिसली की ओरडायचा, "आल्या बाई समुद्र उकळायला!" पंपाचा विषय निघाला की विचारायचा, फ्योर्डातले मासे उकडून निघाले की जेवायला बोलावशील ना? त्याच्याशी भांडून भांडून तिचा अर्धा आराखडा घडला होता. आज तो खुर्चीवरून उठला.

"ये ये. छान दिसतेस आज. कॉफी?"

"वस्तीतलं पाणी किती अंशांवर जातंय?"

"अठ्ठावन्न," तो म्हणाला. "कधी साडेसत्तावन्न. कधी अठ्ठावन्न. हे बघ ना." त्याने पडद्याकडे बोट दाखवलं. आकडा होता. हिरवा, शांत. "दूध घालू?"

"मी दूध घेत नाही, एस्किल. तुला माहीत आहे."

"हो हो. विसरलो."

तो विसरला नव्हता. काहीतरी बोलायचं म्हणून बोलला होता. त्याच्या मागच्या काचेतून चिपांचा ढीग दिसत होता आणि त्यावर वाफ तरंगत होती. एकदा तरी टोमणा मार, असं तिला म्हणावंसं वाटलं. माणूस लबाड झाला आहे की दयाळू, हे कळायला काहीतरी खूण हवी होती, आणि दोघांचे चेहरे इतके सारखे असतात की चिडचिड होते.

नंतरच्या दिवसांत तिला सगळीकडे तेच दिसायला लागलं. ती बेकरीत शिरली की बोलणं थांबायचं नाही, उलट थोडं जोरात व्हायचं. वस्तीच्या शेवटच्या घरातली रिग्मोर तिला रस्त्यात भेटली. नव्वदीला टेकलेली बाई, उभ्या आयुष्यात तिने कशालाच चांगलं म्हटलेलं नव्हतं. चर्चची घंटा, नगरपालिकेची झाडं, नव्या पाद्रीणबाईंचे बूट, सगळ्याबद्दल ती लेखी तक्रार करायची. आणि तिने आपली ढकलगाडी थांबवून विबेकेचा हात धरला.

"फार छान ऊब आहे हो घरात. अगदी छान."

"खरंच, रिग्मोर? बैठकीच्या खोलीत पण? तुमच्या घराची उत्तरेची भिंत..."

"छानच," रिग्मोर म्हणाली, आणि पाठ केलेलं संपल्यासारखी गप्प झाली. मग इकडेतिकडे बघून म्हणाली, "तू जप हो बाळा," आणि गाडी ढकलत निघून गेली.

बाळा! विबेके पन्नाशी ओलांडलेली होती. ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. हे सगळे मिळून काहीतरी करत आहेत. हा विचार आहे. हे सगळे मिळून माझ्यामागे काहीतरी करत आहेत. ही वस्तुस्थिती नाही. विचाराला नाव दिलं तरी तो ढगासारखा वाहून जाईना, रिग्मोरच्या गाडीच्या चाकासारखा करकरत तिथेच फिरत राहिला.

तशी गोष्ट सोपी होती. मोजायचं. ती अभियंता होती, आयुष्यभर तिने दुसरं काही केलं नव्हतं. पण मोजणं म्हणजे संशयावर विश्वास ठेवणं, आणि तिथूनच तर मागच्या वेळी घसरण सुरू झाली होती. तेव्हा तिने खुर्चीचं अंतर भिंतीपासून टेपने मोजलं होतं, आणि होल्गरने ते पाहिलं होतं. त्याचा तेव्हाचा चेहरा ती विसरू शकत नव्हती. म्हणून ती रोज रेडिएटरच्या बाजूने जायची आणि हात मागे बांधायची. म्युझियममध्ये मुलांना सांगतात तसे.

एका रविवारी दुपारी होल्गर मित्रांबरोबर फ्योर्डच्या गार पाण्यात डुबकी मारायला गेला. त्याच्या गाडीचा आवाज कोपऱ्यावर वळेपर्यंत ती थांबली. मग तिने खणातून मांस भाजताना वापरायचा थर्मामीटर काढला, वस्तीच्या मुख्य पाइपातून पाणी घरात शिरतं तिथे, तळघरात, त्याची सुई उघड्या पाइपला लावली, वरून जाड टॉवेल गुंडाळला, आणि पायरीवर बसली. चोरासारखं वाटत होतं. तळघरात सफरचंदांचा आणि होल्गरच्या वार्निशचा वास होता. काटा चढायला लागला. चाळीस. पन्नास. थांब, ती म्हणाली. तिला आश्चर्य वाटलं, कारण काटा अठ्ठावन्नावर थांबावा, आपला हात खोटा ठरावा, आपण अजून आजारीच आहोत हे सिद्ध व्हावं, असं तिला मनापासून वाटत होतं. वेडं ठरणं परवडलं असतं. ती वाट ओळखीची होती. काटा अठ्ठावन्न ओलांडून गेला, जरा रेंगाळला, आणि एकोणसत्तरावर जाऊन स्थिरावला. तिने टॉवेल सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा बसली. एकोणसत्तर. आनंद असा झालाच नाही. पण कितीतरी महिन्यांनी पायाखालच्या पायरीचा दगड दगडासारखा लागला.

दुसऱ्या दिवशी ती प्लांटवर गेली आणि दार लावून घेतलं. एस्किल एकटाच होता.

"कुठे उघडलंस?"

त्याने काही न समजल्यासारखं करायचा प्रयत्न केला, पण ते त्याला कधी जमायचंच नाही. "रस्त्यावरच्या केबिनमध्ये," तो शेवटी म्हणाला. "मोजणी होते त्याच्या पुढे एक जुनी बाजूची झडप आहे. ती थोडी उघडली. शहराचं पंचाहत्तरचं पाणी तिथून आत मिसळतं."

"म्हणजे पडद्यावर अठ्ठावन्न, आणि घरांत सत्तर."

"एकोणसत्तर."

"ठाऊक आहे मला किती ते!" तिचा आवाज चढला आणि एस्किल घाबरला. मोठा, ढेरपोट्या माणूस, पण हात पुढे करून, जणू ती आता पडणार म्हणून, अर्धा उठला. ते बघून तिचा राग जास्तच भडकला. "बस खाली. मी पडत नाहीये. कुणी सांगितलं तुला?"

एस्किल खिडकीबाहेर बघत राहिला. "नोव्हेंबरात थंडी पडली तेव्हा लोक गारठले. रिग्मोर शाली पांघरून तुमच्या दारात आली होती, तू कामावर होतीस. आणखी दोघंतिघं आली. होल्गरने सगळ्यांना सांगितलं, विबेकेच्या कानावर घालू नका. मग तो माझ्याकडे आला. चाचणी फसली तर ती पुन्हा मोडेल म्हणाला."

"आणि तू ऐकलंस."

"तू त्या दिवशी जमिनीवर बसली होतीस, विबेके. तुझे बूट मी काढले होते. तुला आठवत नाही."

तिला खरंच आठवत नव्हतं. "या आकड्यांवर सगळ्या शहराचा पंप ठरणार होता," ती म्हणाली. "आपण दोघं मरून गेल्यावरही चालणारा. घरं गार पडली असती, हजारो घरं, एकदम. तेव्हा एक झडप उघडून भागलं असतं का? बॉयलर तर तोवर भंगारात गेला असता. तेव्हा कुणाकुणाची दया करणार होतास तू?"

"असा विचार नाही केला," एस्किल म्हणाला. आणि मग, "तू ओरडलीस. बरं वाटलं."

पण तिला त्याचं बरं वाटणं नको होतं.

घरी होल्गरने काही नाकारलं नाही. तिने सांगितलं, तो ऐकत होता, आणि हातातल्या फडक्याने एकच ताटली पुसत होता. "मला तू परत तशी व्हायला नको होतीस," तो म्हणाला. "दुसरं काही सुचलं नाही."

"मला झडपेचा राग नाही. मी तुला विचारलं होतं, होल्गर. इथेच उभी राहून. आणि तू म्हणालास, माझे हात गार आहेत. मी तुझं खरं मानलं. इतके दिवस मी धरून चालले की डोकं पुन्हा गेलंय. तू मला रोज त्या पडद्यामागे परत ढकलत होतास, आणि वर काकड्या मांडत होतास."

तो काहीतरी बोलेल, भांडेल, म्हणेल की तुझ्या त्या उन्हाळ्यात माझं काय झालं ते कधी विचारलंस का, अशी तिने वाट पाहिली. तो म्हणाला, "तू म्हणशील तसं," आणि ताटली फडताळात ठेवली. नंतरचे आठवडे ते एकमेकांशी परक्या पाहुण्यांसारखे वागले. दार उघडून धरायचे. आभार मानायचे. रात्री पाठीला पाठ लावून जागे राहायचे, आणि दोघांनाही माहीत असायचं की दुसरा जागा आहे. तो गप्प आहे तो पश्चात्तापाने की अजूनही मला जपतो आहे, हे तिला ठरवता येत नव्हतं. आता तिला खोकला आला तरी तो कुशीवर वळतो का, याकडे तिचं लक्ष असायचं.

सभा शाळेच्या व्यायामशाळेत भरली. प्लांट सभासदांच्याच मालकीचा, तेव्हा गर्दी नेहमीच व्हायची, आणि कॉफीबरोबर बदामाचा गोड पाव असायचा म्हणून जास्तच. अध्यक्ष प्रेबेनने तिला बोलायला सांगितलं. तिने आराखड्याचा नकाशा लावलाच नाही.

"चाचणी रद्द धरावी लागेल," ती म्हणाली. "अहवालात आले ते आकडे खोटे आहेत. तुमच्या घरांत जास्त गरम पाणी येत होतं. कुणी केलं ते मी सांगणार नाही, वाईट हेतूने केलेलं नाही. मला अजून एक हिवाळा हवा. खराखुरा अठ्ठावन्न अंशांचा. आणि ज्याला थंडी वाजेल त्याने माझ्याकडे यावं. माझ्या नवऱ्याकडे नाही."

कपाच्या बशा वाजायच्या थांबल्या. मग मागून रिग्मोर उभी राहिली, दोन्ही हातांनी समोरची खुर्ची धरून.

"मला थंडी वाजली," ती म्हणाली. "सगळा नोव्हेंबर. बोटं वळत नव्हती. आणि तुझ्या त्या केबिनसाठी खणताना माझं कुंपण मोडलं ते मोडलंच. पत्र पाठवलं तर उत्तर नाही!"

कुणीतरी हसलं, आणि बांध फुटल्यासारखे सगळे बोलायला लागले. मुलीचा अभ्यास होत नव्हता म्हणे. न्हाणीघरात आरशावर वाफ धरत नव्हती, इतकं पाणी गार. सौरपट्ट्या लावणार तो माळ आमच्या घोड्यांचा आहे. विबेके एकेकाचं म्हणणं लिहून घेत होती, आणि मधूनमधून तिरक्या नजरेने एस्किलकडे बघत होती. तो भिंतीला टेकून उभा होता. यानेच तर सगळ्यांना पढवलं नसेल? बाईला जरा ओरडा, तिला बरं वाटेल, असं? लोक एकामागून एक उठत होते, ते फारच शिस्तीत उठत होते का? रिग्मोरचा राग खरा होता की तोही तिला दिलेला गोड पावाचा तुकडा? दयेचं एकदा कळलं की कशावरच विश्वास बसत नाही, ओरडण्यावरसुद्धा.

तेवढ्यात क्रेस्टन उठला. त्याची सुकी मासळी विकायची टपरी होती, आणि त्याला कुणी कधी पढवू शकलं नव्हतं.

"अजून एक हिवाळा मागते आहेस," तो म्हणाला. "गेला उन्हाळाभर तू पडदे ओढून घरात बसलीस, पगार घेतलास, आणि सगळं काम खोळंबलं. तुझं डोकं पुन्हा बिघडलं तर आमचा हिवाळा कोण भरून देणार?"

सभेत कुणीतरी "क्रेस्टन!" असं ओरडलं. प्रेबेनने टेबलावर हात आपटला. ते शब्द लागले, जिथे लागायचे तिथे बरोबर लागले, आणि त्याच क्षणी तिला कळलं की हे कुणी ठरवून दिलेलं नाही. इतकं घाणेरडं कुणी प्रेमापोटी बोलत नाही. हा माणूस तिला धडधाकट बाई समजून बोलत होता. तिचे खांदे खाली आले.

"प्रश्न बरोबर आहे," ती म्हणाली. "माझं डोकं बिघडलं तर काम अडायला नको. आकड्यांवर एस्किल आणि मी दोघं मिळून सह्या करू, मी नसले तर तो पुढे नेईल. दर आठवड्याचे आकडे शाळेच्या दारावर लागतील. आणि केबिनची किल्ली, क्रेस्टन, तू ठेव. तुझ्यावर कुणाचा विश्वास नाही, आणि तुझाही कुणावर नाही, म्हणजे बरं."

लोक हसले. क्रेस्टन हसला नाही, पण खाली बसला. हात वर झाले, मोजणी दोनदा करावी लागली, आणि अजून एका हिवाळ्याचा ठराव जेमतेम मंजूर झाला. लोक कोट घालायला लागले. प्रेबेनने कागद गोळा करत रिवाज म्हणून विचारलं, "आयत्या वेळचे काही विषय?"

मागच्या रांगेत एक हात वर झाला. होल्गरचा. तो सभेला येतो आहे हेही त्याने तिला सांगितलं नव्हतं.

"बोल," प्रेबेन म्हणाला, आणि कोट घालणारे थांबले.

होल्गर उभा राहिला. तो कधी सभेत बोलला नव्हता, त्यामुळे हात कुठे ठेवायचे ते त्याला कळत नव्हतं. "माझीपण तक्रार आहे," तो म्हणाला. "घर गार आहे. नोव्हेंबरातच नाही. त्याच्या आधीपासून. मागच्या उन्हाळ्यातही गार होतं. मी कुणाला सांगितलं नाही."

कुणीच हसलं नाही. विबेकेने त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा लाल झाला होता, ओठ घट्ट होते, आणि त्याला राग आला होता, तिचाच राग, हे तिला इतक्या लांबूनही स्पष्ट दिसलं. तिने कागद उलटला आणि कोरी बाजू वर केली.

"कुठल्या खोलीत?" तिने विचारलं.

"सगळ्या," होल्गर म्हणाला.

तिने ते लिहून घेतलं.